लंडनची येळवस

लंडनमध्ये तीन महिने राहून मी लंडन पाहिलं नव्हतं. बीडमध्ये राहून कंकालेश्वराच्या देवळात न गेलेल्या माणसाला आमच्याकडे काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण ते सगळं मला लागू होतं. माझी खोली, विद्यापीठ, त्याचं वाचनालय आणि कोपऱ्यावरचं गुजराती काकांचं दुकान, एवढंच माझं लंडन. राजवाडा, पूल, ते प्रसिद्ध घड्याळ, हे सगळं मी भुयारी रेल्वेच्या भिंतीवर लावलेल्या जाहिरातींत पाहिलं होतं.

कारण सांगायला मला लाज वाटत नाही. मला करमत नव्हतं. अभ्यास जमत होता. संख्याशास्त्र कुठल्याही देशात तेच असतं. थंडीचंही फारसं काही नव्हतं. ज्याने डिसेंबरात पहाटे उठून हरभऱ्याला पाणी दिलंय त्याला थंडीचं कौतुक नसतं. मला जड जात होतं ते जेवण. आम्हा सहा जणांत एक स्वयंपाकघर होतं. प्रत्येकाने यायचं, आपल्यापुरतं शिजवायचं, ताट उचलायचं आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून खायचं. भांडण नाही, तंटा नाही, सगळे सभ्य. पहिले काही दिवस मी ओट्याशी रेंगाळले, कुणी तरी 'ये, बस' म्हणेल म्हणून. मग मीही ताट घेऊन खोलीत जायला लागले. पलंगावर मांडी घालून, भिंतीकडे तोंड करून जेवायचं. तीन महिन्यांत मी कुणाच्या शेजारी बसून एक घास खाल्ला नव्हता. याची मला आधी चीड आली, मग कंटाळा आला, आणि नाताळच्या सुट्टीत बाकीचे पाचही जण आपापल्या घरी गेले तेव्हा मी ठरवून टाकलं. शिक्षण अर्धवट सोडायचं आणि सामान बांधून गावाकडे परत जायचं.

हे मी फक्त मायला सांगितलं. आबांना, म्हणजे वडिलांना, सांगायची छाती नव्हती. मला परदेशी शिकायची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा आबांनी युसूफ वडगावच्या बाजारात ओळखीच्या आणि बिनओळखीच्या माणसांना थांबवून ती बातमी सांगितली होती. एकाला तर म्हणे म्हशीचा सौदा अर्धा सोडून ती ऐकावी लागली. अशा माणसाला 'मी येतेय परत' कसं सांगायचं?

मायचं तसं नाही. ती फोनवर सगळं ऐकून घेते. मध्ये बोलत नाही, समजूत काढत नाही, उपदेश तर तिला येतच नाही. माझं रडून झालं की ती 'अजून काय?' एवढंच विचारते. त्या दिवशीही तिने तेच विचारलं. अजून काही नाही म्हटल्यावर ती लगेच म्हणाली, ये की मग, आबाचं मी बघते. मला इतकं हलकं वाटलं की मी बॅग कपाटावरून खाली काढली. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"उद्या येळवस हाय," ती म्हणाली. "तिथंच कर. डबा भर आन ते गाव बघून ये. एवढ्या लांब जाऊन काय बघितलंस म्हणून कुणी इचारलं तर काय सांगशील? पर एक ध्यानात ठिव, एकटी जेवू नको. कुणाला तरी संग बसव. मग सांजच्याला फोन कर, कवा येतीस ते ठरवू."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्षातली. लातूरकडचा हा सण आमच्या युसूफ वडगावच्या बाजूलाही जोरात असतो. तिकडे बीड-गेवराईकडे गेलं की मात्र बऱ्याच जणांना समजावून सांगावा लागतो. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि सगळी माणसं रानात असतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडून त्यांची पूजा करायची, ज्वारीच्या पिठाची आंबट अंबील पिकाभोवती शिंपत फिरायचं, आणि मग जेवायला बसायचं. हिरव्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आणि वरून ती अंबील. या दिवशी कुणी एकट्याने जेवत नाही. बांधावरून जो जाईल त्याला हाक मारायची. भाऊबंद असो, नाहीतर ज्याच्याशी बांधावरून कोर्टात भांडतोय तो असो. त्याने म्हणायचं, आत्ताच जेवलो. आपण पुन्हा बोलवायचं. त्याने पोटावर हात फिरवून पुन्हा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा आपण उठून त्याचा हात धरायचा की तो चपला काढून बसतो. पहिल्याच हाकेला जो बसला त्याला लोक हावरट म्हणतात, आणि एकदाच बोलावून जो गप्प बसला त्याला कंजूस. लहानपणापासून मी हेच पाहत आले होते, त्यामुळे जगात याहून वेगळी रीत असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

रात्री ताकात पीठ कालवून भांडं हीटरजवळ ठेवलं. ज्वारीचं पीठ मायनेच बॅगेच्या तळाशी कोंबलेलं होतं. सकाळी त्या रिकाम्या स्वयंपाकघरात मी एकटीने चारही शेगड्या पेटवल्या. गोठवलेले तुरीचे दाणे, वाटाणे, मेथी, पालक, चिंच, बेसन, सगळं गुजराती काकांच्या कृपेने मिळालं. उंडे जरा बसके झाले, भज्जी जरा घट्ट झाली, पण लसणाच्या फोडणीचा वास सुटला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने गाणं म्हणायला लागले. ऐकायला कुणी नव्हतं हे त्या घराचं नशीब. स्टीलचा चार पुडांचा डबा भरला, थर्मासात अंबील ओतली आणि निघाले.

दुमजली बसमध्ये वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळाली. समोर नुसती काच. एकदा त्या जागेवर बसलं की वय कितीही असो, माणूस लहान होतो. लाल दिव्यांच्या माळा, काळीभोर ओली झाडं, दुकानांच्या काचांतले नाताळचे देखावे, सगळं पायाखालून सरकत होतं. मी इतके दिवस भुयारातून ये-जा करत होते आणि वर हे सगळं असं मांडून ठेवलेलं होतं. स्वतःचाच राग आला, पण तोही फार वेळ टिकला नाही.

मी रानात व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपारची जेवणं चालली होती. फोन आबांच्या हातात होता, म्हणजे पहिला काही वेळ मला फक्त त्यांचा कान दिसला. मग कोप दिसली, पंगत दिसली, आणि माझा चुलत भाऊ मागून मान घालून शेजारच्याला म्हणाला, "बघ बे, बसच्या माडीवर बसलीय." आबांनी विचारलं की तिथं ऊन कावून न्हाई. मी सांगितलं, उन्हाला सुट्टी आहे. ते त्यांनी सगळ्या पंगतीला ओरडून सांगितलं. तेवढ्यात बांधावरून कुणीतरी चाललं होतं. आबांनी त्या बिचाऱ्याला हाक मारून आधी जेवायला बोलावलं आणि तो बसायच्या आत फोन त्याच्या तोंडासमोर धरला. ही आमची लेक, लंडनात शिकायला हाय, अजून लई शिकायचं हाय तिला, असं त्यांचं चाललं होतं. मी हसत होते आणि कपाटावरून खाली काढून ठेवलेली बॅग मला आठवत होती.

मायने फोन हातात घेतला तेव्हा तिने लंडनकडे बघितलंसुद्धा नाही. डबा घेतलास का, एवढं विचारलं. घेतला म्हटलं. बरोबर कुणी आहे का म्हणाली. अजून नाही म्हटलं. दिवस मावळायच्या आत बसव कुणाला तरी, म्हणाली आणि फोन पुन्हा आबांना दिला.

पहिला प्रयत्न एका मोठ्या संग्रहालयाच्या दारात झाला. तिथल्या रखवालदाराने माझी पिशवी तपासली, थर्मास उघडला आणि त्याला लसणाची वाफ लागली. काय आहे म्हणाला. ज्वारीची आंबवलेली कांजी, मी सांगितलं, आणि संधी साधून म्हटलं, घ्या ना थोडी. तो म्हणाला, मी कामावर आहे. हा झाला पहिला नकार. मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, नाही, धन्यवाद. आता तिसऱ्यांदा तो घेणार याची मला इतकी खात्री होती की मी झाकणात अंबील ओतलीसुद्धा. त्याने शांतपणे मान वळवून आपल्या वरिष्ठाला बोलावलं. दोघांनी मिळून पिशवी पुन्हा पहिल्यापासून तपासली आणि मग मला आत सोडलं. आत एका काचेत हजारो वर्षांपूर्वीची इजिप्तमधली वाळकी भाकर ठेवलेली होती, कुणीतरी आपल्या मेलेल्या माणसाला वाटेत खायला म्हणून दिलेली. मी तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिले. इतक्या भव्य इमारतीत मला ओळखीची तेवढी एकच गोष्ट सापडली.

तिथून राजवाड्याला गेले. पहारा बदलायची वेळ होती आणि जत्रेसारखी गर्दी होती. शिपायांच्या डोक्यावर काळ्या मेंढीएवढ्या टोप्या. त्या टोपीखाली माणूस आहे हे त्याचे बूट हलले की कळतं. वाजंत्री वाजायला लागली तेव्हा मी आपोआप ताल धरला. शेजारच्या एका जोडप्याने, बरोबर दोन मुलं होती, मला फोटो काढायची विनंती केली. मी मनापासून काढले. उभे काढले, आडवे काढले, धाकट्याला हसवून काढले. ते आभार मानायला लागले तसा मी डबा उघडला. आज आमचा सण आहे, माझ्याबरोबर दोन घास खा, म्हटलं. नको, आम्ही ठीक आहोत, म्हणाले. मी हसून पुन्हा म्हटलं. बाईने नवऱ्याकडे पाहिलं. आम्हाला काही विकत घ्यायचं नाहीये, तो म्हणाला. विकत नाही हो, मी म्हटलं आणि एक पाऊल पुढे टाकून धाकट्यासमोर उंडा धरला. त्याने हात पुढे केलाही होता. पण बापाने दोन्ही मुलांना मागे ओढलं, कुणाकडे तरी बघून हात हलवल्यासारखं केलं, आणि ते चौघे गर्दीत दिसेनासे झाले.

मला संताप आला. आपण जेवायला बोलावतोय, विष घालतोय का? मग त्या मुलांना मागे ओढणाऱ्या बापाचा चेहरा आठवला आणि एकदम हसूच आलं. समजा गावाकडे मोंढ्याच्या बाजारात एखादी परकी पोरगी, आपल्याला न कळणाऱ्या भाषेच्या सुरात, वास मारणारा गोळा घेऊन आपल्या लेकराच्या अंगावर येते. आमच्या लोकांनी तर पोलीसपाटलालाच बोलावलं असतं. तेव्हा ठरवलं की आता एकदाच विचारायचं. नको म्हणाले तर नको. त्यांचं गाव, त्यांची रीत.

राजवाड्यासमोरच्या बागेत एक तळं आहे. त्यात पेलिकन आहेत, गळ्याला पिशवी असलेले पांढरे, भले मोठे पक्षी, आणि ते सरकारी नोकर असल्यासारखे कुणाकडे लक्ष न देता फिरतात. ढगांतून थोडं ऊन आलं. मी एका बाकावर बसले. दुसऱ्या टोकाला पन्नाशीच्या पुढच्या एक बाई येऊन बसल्या. राखाडी कोट, डोक्याला लोकरी रुमाल, मांडीवर भली मोठी पिशवी. मी डबा उघडला, त्यांच्याकडे वळून एकदा विचारलं. त्यांनी छातीवर हात ठेवून मान लववली आणि म्हणाल्या, धन्यवाद, तू खा.

झालं. शिकलेला धडा पाळायचा म्हणून मी गप्प बसले. पण घास काही तोंडाकडे जाईना. येळवशीला एकटी जेवणार होते. आयुष्यात पहिल्यांदा. आत्ता रानात सगळे कुठल्या कुठल्या बांधावर जेवून तृप्त झाले असतील, आणि मायला मी संध्याकाळी काय सांगणार होते? कुणी बसलं नाही, माय, आता मला घेऊन जा. डोळे भरून आले. उंड्याचा तुकडा मोडला आणि तो हातातच राहिला.

त्या बाई माझ्याकडेच बघत होत्या.

"तू एकदाच विचारलंस," त्या म्हणाल्या. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं होतं, त्यामुळे मला लगेच समजलं. "आमच्याकडे तीनदा विचारतात. पहिल्यांदा मी हो म्हटलं असतं, तर माझ्या आईने मला घरात घेतलं नसतं."

मी इतक्या जोरात हसले की जवळचा पेलिकन चार पावलं बाजूला झाला. मग उभी राहिले आणि सगळं रीतसर सुरू केलं. दुसऱ्यांदा विचारलं. त्यांनी रीतसर नकार दिला, खूप भूक नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं आणि त्यांचा हात धरला. त्या लगेच सरकून जवळ आल्या आणि पिशवीतून स्वतःचा चमचा काढला. तयारी होती तर.

त्या इराणच्या. नवऱ्याबरोबर कपडे दुरुस्त करायचं छोटं दुकान चालवत होत्या. या शहरात त्यांची बरीच वर्षं गेली होती आणि त्यांनीही राजवाडा आजच पाहिला होता, कारण दुकान कधी बंदच नसायचं. हे ऐकून मला केवढा धीर आला. नवरा पक्षी बघायला गेला होता तो परत आला. मोठ्या मिशांचा, शांत माणूस. त्याला मी विचारलं तर तो चौथ्यांदा हो म्हणाला. बाई त्याच्यावर करवादल्या, बहुधा अन्न निवतंय म्हणून. भज्जी त्यांनी बोटांनी पुसून खाल्ली. अंबील पिऊन नवऱ्याने मिशी पुसली आणि खुशीत येऊन सांगितलं की त्यांच्याकडेही ताकाचं असं पेय करतात, फक्त त्यात पुदिना घालतात. त्यांच्या पिशवीतून नान निघाला, पनीर निघालं, हिरवा पाला आणि अक्रोड निघाले. नान, पनीर, सब्जी हे शब्द दोन्हीकडे तेच. मग आम्ही आणखी शब्द शोधायला लागलो. बाजार, जमीन, कागद, दुनिया. आमच्या मराठवाड्याच्या बोलीत निजामाच्या राज्यापासून असे किती तरी शब्द राहून गेलेत. ते मला तिथे एकेक करून परत भेटत होते.

बाईंनी विचारलं, हा सण कसला? मी सांगितलं. शेत, कोप, पाच दगड. आणि शेताभोवती अंबील शिंपत फिरतो म्हटल्यावर नवऱ्याने घास थांबवला. मग इथे का नाही शिंपलीस, त्याने विचारलं. इथे शेत कुठे आहे, मी म्हटलं. त्याने बाकाभोवतीच्या गवताकडे हात केला.

त्यानंतर जे झालं ते आठवलं की मला आजही हसू आवरत नाही. मी गळून पडलेली एक डहाळी उचलली. नवऱ्याने थर्मास धरला. बाईंनी पिशवी काखोटीला मारली. मी पुढे डहाळी बुडवून शिंपत, तो मागे थर्मास घेऊन, आणि त्याच्या मागे बाई टाळ्या वाजवत, असे आम्ही लंडनच्या राजाच्या बागेत बाकाभोवती फिरलो. धान्य पिको, गुरं सुखी राहोत, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. गुरं तिथे नव्हती म्हणून मग त्या पेलिकनांना धरलं. बागेचा एक माळी हातगाडी ढकलत आला आणि थांबला. काय चाललंय, त्याने विचारलं. बाईंनी माझ्याकडे बोट करून सांगितलं, हिच्या शेताची पूजा आहे. तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, ते ठीक आहे, फक्त पक्ष्यांना काही घालू नका. आम्ही तिघांनी त्याला एकदम जेवायला बोलावलं. नको म्हणाला. तिघांनी पुन्हा बोलावलं. त्याने आमच्याकडे एकेक करून पाहिलं, हातमोजा काढला, एक उंडा उचलला आणि उभ्या उभ्या खाल्ला. बरा आहे, म्हणाला आणि गाडी ढकलत गेला. इंग्रज माणूस याच्या पलीकडे कौतुक करत नाही, असं बाईंनी मला नंतर समजावून सांगितलं.

बाकीचं लंडन आम्ही तिघांनी मिळून पाहिलं. ते घड्याळ वाजलं तेव्हा नवऱ्याने आपल्या मनगटावरचं घड्याळ त्याच्याशी लावून बघितलं आणि त्या मोठ्या घड्याळाला पास केलं. बाई प्रत्येक पुतळ्याच्या कोटाची शिवण बघत होत्या. दगडाची असली तरी. आम्ही दिसेल तिथे फोटो काढले, रस्ता चुकलो, एका दुकानात फक्त ऊब घ्यायला शिरलो आणि बाहेर काढेपर्यंत तिथे टोप्या घालून बघितल्या. चालता चालता बाई म्हणाल्या की त्यांच्याकडेही असा एक दिवस असतो. वसंतात. त्या दिवशी घरात कुणी थांबत नाही, सगळे बाहेर गवतावर जेवतात. इथेही आमची माणसं एका बागेत जमतात, एप्रिलात, तू ये.

मी म्हटलं, नको, तुम्हाला कशाला त्रास. हे सवयीने म्हटलं. त्या हसल्या आणि पुन्हा म्हणाल्या. मी पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदा त्यांनी माझा हात धरला आणि मी हो म्हणाले. हो म्हणून चार पावलं गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी एप्रिलात इथे नसणार होते. मी थांबले. हो म्हटलेलं मागे घ्यावं असं काही मला वाटेना. उलट एप्रिलात काय करून न्यायचं, याचा विचार मी करायला लागले होते.

आम्ही पुलावर पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते आणि अंधार पडायला लागला होता. नदीच्या दोन्ही काठांवर दिवे लागले. तिकडे गावाकडे रात्रीची वेळ झाली होती. मी मायला व्हिडिओ कॉल लावला. तिने लगेच उचलला, जणू फोन हातातच होता. बसवलं का कुणाला, तिने विचारलं. मी फोन त्या दोघांकडे वळवला. बाईंनी छातीवर हात ठेवून मान लववली, फारसीत काहीतरी लांबलचक सांगितलं आणि बोटं ओठांना लावून भज्जी किती छान होती ते दाखवलं. मायने पदर सावरला आणि मराठीत सांगितलं की पोरगी जेवायचा कंटाळा करती, ध्यान ठिवा. दोघींना एकमेकींचं सगळं कळलं असावं, कारण दोघीही बराच वेळ माना डोलावत होत्या. मग ते दोघे जरा पुढे जाऊन कठड्याशी उभे राहिले.

"मग," मायने विचारलं, "कवा येतीस?"

"माय, मी न्हाई येत इतक्यात. शिकून येते."

"बरं केलंस," ती म्हणाली. आणि तिचा फोन खाली गेला, पडद्यावर नुसती पडवी दिसायला लागली. मला वाटलं आवाज तुटला. मी दोनदा हाक मारली.

"हाय की. ऐकायलेय," ती म्हणाली. "काय न्हाई, काल तुझा फोन झाल्यावर तुझ्या खोलीतली ज्वारीची पोती काढून पडवीत ठिवलीती मी. तुझी बाज टाकायला. आता उद्या परत आत ठिवते, न्हाईतर उंदरं फोडतेल."

म्हणजे ती पोती तिने एकटीने ओढली होती. मला डबा भरून गावभर फिरायला पाठवलं, कुणाला तरी संग बसव म्हणून बजावलं, आणि स्वतः माझी जागा करून ठेवली होती. आबांनी विचारलं असेल ना, मी म्हटलं. विचारलं की, ती म्हणाली, मी त्यांना म्हटलं झाडून घ्यायलेय. मग तीही हसली, मीही हसले, आणि हसता हसता माझा चेहरा कसनुसा व्हायला लागला तो तिला दिसू नये म्हणून मी फोन उलटा फिरवून पाण्यावर धरला.

"ही बघ नदी," मी म्हटलं.

माय ती नदी बराच वेळ बघत राहिली.

"लई मोठी हाय," ती म्हणाली. "जरा नीट धर, सगळी दिसू दे."